माहितीची मांडणी : शोधणाऱ्याच्या सोयीने

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व शासकीय कार्यालयांतील कर्मचारी यांच्यासमोर नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोदाकाठी रामकुंडावर आपण सर्वजण कधी ना कधी गेला असाल. परगावचा यात्रेकरू तेथे येऊन पोहोचला की त्यास पहिल्याने दोन प्रश्न विचारले जातात. आडनाव काय आणि मूळ गाव कोणते? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या घराण्याचे क्षेत्रोपाध्याय कोण हे निश्चित होते, त्यांच्या घरातील नामावळीची वही निघते आणि पुष्कळदा त्या यात्रेकरूच्या आजोबांनी किंवा पणजोबांनी या क्षेत्री आल्यावेळी केलेली नोंद त्याच्या पुढ्यात येते. कोण आले, समवेत कोण होते, घरात मुलेबाळे कोण, असा तपशील तेथे असतो. जुन्या नोंदी मोडीत आहेत. घराण्यांचे कुलवृत्तांत सिद्ध करणाऱ्यांनी या वह्यांचा आधार घेतलेला आहे.

या वह्यांची धार्मिक बाजू हा आजचा विषय नव्हे. माझे आयुष्य ग्रंथालयात गेले. त्यामुळे कोणतीही वही पाहिली की तीत काय लिहिले आहे यापेक्षा ते सापडते कसे, इकडेच माझे लक्ष आधी जाते. नामावळीतील नोंद सापडते, कारण ती वही शोधणाऱ्याला जे ठाऊक असते त्याच्या आधारे लावलेली असते. यात्रेकरूला आपला पणजोबा कोणत्या साली आला हे माहीत नसते. वहीचा क्रमांक तर मुळीच माहीत नसतो. आडनाव आणि गाव मात्र तो विसरत नाही. लिहिणाऱ्याच्या सोयीचा विचार केला असता तर नोंदी तारखेनुसार एकाखाली एक लिहीत जाणे सर्वांत सोपे होते. तसे झाले असते तर लिखाण सारे शाबूत राहिले असते आणि सापडले मात्र काहीच नसते.

हाच विचार मला आज आपल्या कार्यालयांच्या संकेतस्थळांसंबंधी मांडावयाचा आहे. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत बहुतेक ठिकाणी आता संकेतस्थळे झाली आहेत. त्यांवर माहिती नाही, अशी तक्रार फारशी ऐकू येत नाही. माहिती आहे पण सापडत नाही, ही तक्रार मात्र सर्वत्र आहे, आणि ती करणारा मनुष्य बहुधा घाईत, अडचणीत किंवा दुःखात असतो.

येथे कायद्याचीही आठवण करून देणे उचित होईल. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचे कलम ४ आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यातील सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन आपण जाणता आणि बहुतेक कार्यालयांनी त्या सतरा बाबींचा मजकूर आपापल्या संकेतस्थळावर टाकलेलाही असतो. परंतु या बाबी ज्या खंडात आहेत त्याच्याही आधी त्याच कलमात पहिला खंड आहे आणि तो सांगतो की, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख रीतसर सूचिबद्ध आणि निर्देशसूचीसह ठेवावेत, आणि तेही माहिती मिळणे सुकर होईल अशा रीतीने. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी सूचीला पहिले स्थान दिले आणि प्रसिद्धीला दुसरे. आपण व्यवहारात हा क्रम उलटा केला, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते.

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. निफाड किंवा चांदवड तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातील कर्ता पुरुष अपघातात गेला. पाठीमागे पत्नी आणि दोन शाळकरी मुले आहेत. त्या भगिनीच्या मनात एकच प्रश्न आहे : घरधनी गेले, आता कोठे जायचे आणि काय करायचे? या एका प्रश्नाचे उत्तर शासनाकडे आहे, परंतु ते अनेक दालनांत वाटलेले आहे. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीकडे. जमिनीवर वारसांची नावे लागणे महसूल खात्याकडे, आणि हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची वर्दी देणे अपेक्षित आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना कृषी विभागाची. संजय गांधी निराधार अनुदान योजना सामाजिक न्याय विभागाची, परंतु अर्ज तहसील कार्यालयात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंब असेल तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजना आणखी वेगळी. मुलांसाठी बालसंगोपन योजना महिला व बालविकास विभागाची.

यांपैकी प्रत्येक विभागाच्या संकेतस्थळावर त्या त्या योजनेची माहिती असते आणि ती बिनचूकही असते. परंतु या भगिनीने सहा ठिकाणी सहा दारे ठोठवावीत, आणि तीही कोणत्या दाराआड काय आहे हे आधीपासून ठाऊक असल्यासारखी ठोठवावीत, अशी आपली अपेक्षा असते. विभागांची वाटणी ही शासनाच्या कामाच्या सोयीसाठी आहे आणि ती आवश्यकही आहे. तीच वाटणी जशीच्या तशी उचलून संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर मांडली की मात्र आपण आपल्या घरातील खोल्यांचा नकाशा पाहुण्याच्या हाती देतो आणि स्वयंपाकघर कोणते ते तू ओळख, असे सांगतो. त्याऐवजी 'कुटुंबातील व्यक्तीचे निधन झाल्यास' असे एकच पान का असू नये? त्या पानावर सहाही कामे, प्रत्येकाचे कार्यालय, लागणारे कागद आणि मुदत एवढे दिले म्हणजे पुरे. मूळ माहिती जेथे आहे तेथेच राहू द्यावी. वाट तेवढी दाखवावी. शेतकऱ्यांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर 'अर्ज एक, योजना अनेक' हे जे तत्त्व स्वीकारले गेले त्यामागे हीच दृष्टी आहे, आणि ती स्वागतार्ह आहे.

ग्रंथालयशास्त्रात हा पेच फार जुना आहे. आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले. तेव्हा मेल्विल ड्युई यांची दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध व्हावयास अजून छत्तीस वर्षे अवकाश होता. पुस्तके वाढत जातात तशी त्यांच्या मांडणीची चिंताही वाढते. ड्युईच्या पद्धतीत प्रत्येक विषयाला अंक असतो. द्राक्षाची लागवड ६३४.८ या अंकाखाली येते. आता दिंडोरीचा एखादा द्राक्ष बागायतदार ग्रंथालयात आला तर त्याला केवळ लागवडीचे पुस्तक हवे असते काय? पिकांवरील रोगांची पुस्तके ६३२ मध्ये, सहकाराची ३३४ मध्ये, विम्याची ३६८ मध्ये आणि परदेशी व्यापाराची ३८२ मध्ये. त्याची बाग एक, पण त्याला फिरावे लागते ते पाच फडताळांपाशी. पुस्तक एकाच वेळी एकाच फडताळात राहू शकते, ही वस्तूची मर्यादा आहे आणि तिला इलाज नाही.

मात्र ग्रंथपालांनी त्यावर एक युक्ती काढली. पुस्तक एका जागी, परंतु सूचीतील कार्डे अनेक जागी. लेखकाच्या नावाचे एक, शीर्षकाचे एक, विषयाची दोन-तीन. शिवाय 'पाहा' आणि 'हेही पाहा' अशी कार्डे. वाचक 'अंगूर' या शब्दापाशी गेला तर तेथे कार्ड असे : 'द्राक्षे पाहा'. द्राक्षांच्या कार्डाखाली लिहिलेले असे : 'पीकविमा हेही पाहा'. ही साधी वाटणारी कार्डे म्हणजे वाचकाचा शब्द आणि ग्रंथालयाचा शब्द यांमधील पूलच होता. डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचविण्यासंबंधी आहे. तो वाचकाचा वेळ आहे, ग्रंथपालाचा नव्हे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

संकेतस्थळाला तर फडताळाची मर्यादा उरलेलीच नाही. एका पानाकडे पन्नास ठिकाणांहून वाट काढता येते आणि त्यासाठी कागद लागत नाही, जागा लागत नाही. असे असताना आपण जुन्या फडताळाचीच शिस्त तेथे पाळतो, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

यानंतरची अडचण शब्दांची आहे आणि ती अधिक नाजूक आहे. सातबारा हा शब्द घ्या. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. हे खरे म्हणजे हिशेबी नमुन्यांचे क्रमांक आहेत. परंतु शेतकऱ्याने ते आपल्या तोंडी बसवून घेतले आणि सातबारा हा मराठीतला चालता-बोलता शब्द झाला. प्रत्येक क्रमांकाचे असे भाग्य उजळले नाही. गाव नमुना चौदा म्हटल्यावर आज नियमाप्रमाणे गावातील पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंदवही समजावयाची. परंतु जातीच्या दाखल्यासाठी जुने पुरावे शोधणारा मनुष्य गाव नमुना चौदा म्हणतो तेव्हा त्याला पूर्वीची जन्म-मृत्यूची नोंदवही हवी असते. क्रमांक तोच आणि वही निराळी. केवळ 'नमुना १४' एवढीच पाटी लावली तर दोघेही फसणार.

गावांच्या आणि हुद्द्यांच्या नावांचे तसेच. आपल्या जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. त्यांतील एक शासकीय यादीत बागलाण म्हणून आहे, पण एसटीच्या थांब्यावर उभा असलेला मनुष्य सटाणा म्हणतो. यादीत 'स' अक्षराखाली सटाणा शोधणाऱ्याला सिन्नर आणि सुरगाणा सापडतील, सटाणा नाही. नुसते नाशिक म्हटले तरी विभाग, जिल्हा, तालुका आणि शहर अशा चार गोष्टी संभवतात. वडनेर भैरव चांदवड तालुक्यात आणि वडनेर दुमाला नाशिकजवळ. वडनेर एवढेच लिहिणाऱ्याला आपण कोठे पाठविणार? तलाठ्यांचे पदनाम २०२४ साली ग्राम महसूल अधिकारी असे झाले आणि ग्रामसेवकांचे ग्रामपंचायत अधिकारी. नवी नावे आदराची आहेत, त्यांबद्दल दुमत नाही. परंतु गावातील म्हातारा आणखी वीस वर्षे तलाठीच म्हणणार आणि मोबाईलवर त्याचा नातूही तलाठी हाच शब्द टंकित करणार. तो शब्द लिहिल्यावर 'काहीही आढळले नाही' असे उत्तर येणे हे आपले अपयश होय. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, तरी आधीच्या काळातील कागद आधीच्याच नावाने आहेत. येथे पुन्हा ते जुने 'पाहा' कार्ड हवे.

महाभूलेख संकेतस्थळाच्या आधीच्या रचनेचा दाखला मी नेहमी देतो, कारण त्यात गुण आणि अडचण दोन्ही शेजारी शेजारी दिसत असत. मुखपृष्ठावर प्रथम राज्याच्या सहा महसुली विभागांपैकी एक निवडावा लागे. आपल्याला नाशिक निवडणे सोपे. परंतु शहाद्याच्या किंवा भुसावळच्या शेतकऱ्याने आपण नाशिक विभागात मोडतो हे आधी जाणून असले पाहिजे. विभाग ही प्रशासनाची पायरी, शेतकऱ्याची नव्हे. मात्र त्यापुढे गाव निवडल्यावर गट क्रमांक आठवत नसेल तर नुसत्या नावाने किंवा आडनावाने शोधण्याची सोय होती. ज्याने ही सोय ठेवली त्याला रामकुंडावरच्या त्या दोन प्रश्नांचे मर्म कळले होते, असे मी समजतो.

आडनावावरून आठवले. क्षीरसागर हे आडनाव यादीत कोठे शोधावे? आपण शाळेत ह, ळ, क्ष, ज्ञ असा क्रम शिकलो, म्हणून आपण यादीच्या शेवटी जातो. संगणकाने केवळ संकेतांकांच्या क्रमाने यादी लावली असेल तर क्षीरसागर 'क' मध्ये जाऊन बसतात, कारण क्ष हे अक्षर तेथे क आणि ष यांच्या जोडाने बनते. मराठीचा रूढ क्रम संगणकाला शिकविता येतो, पण तो शिकवा असे कोणीतरी सांगावे लागते. ऱ्हस्व-दीर्घाचीही अशीच गोष्ट आहे. 'जमीन' शोधताना 'जमिन' लिहिणारा नागरिक अडाणी नसतो, घाईत असतो. शोधाच्या चौकटीने त्याला शुद्धलेखनात नापास करू नये. शिक्षक बंधूंनी या विधानाबद्दल रागावू नये. मुलांच्या वहीत तांबडी शाई अवश्य चालवावी.

आता मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या एका शाळेचा नव्हता. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी निवड झालेल्या एका मुलीला जातवैधता प्रमाणपत्र हवे होते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो, हे आपण जाणता. तिचे आजोबा गावातील जुन्या शाळेत शिकले, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. शाळा होती, जनरल रजिस्टरही होते आणि शाळेने ते जीवापाड जपलेले होते. पण रजिस्टर दाखल क्रमांकाने लिहिलेले. मुलीला आजोबांचे नाव माहीत, दाखल क्रमांक कोठून माहीत असणार? जन्मसालही अंदाजाचेच. वडील आणि मुलगी तीन दिवस शाळेच्या व्हरांड्यात बसून पाने उलटीत राहिली. कारकून सज्जन होते. तेही दुपारनंतर त्यांच्या जोडीला बसत. आडनाव पाहत सारी रजिस्टरे एकदा उलटून झाली तरी काही मिळाले नाही.

त्यांच्या ओळखीने मी तेथे गेलो तो मदत करण्यापेक्षा रजिस्टर पाहण्याच्या लोभाने. जुनी पाने पाहिली आणि उलगडा झाला. त्या काळच्या कित्येक नोंदींत आडनावच नव्हते. मुलाचे नाव, मग 'वल्द', मग बापाचे नाव आणि पुढच्या रकान्यात जात. आडनाव शोधणाऱ्याच्या डोळ्यांपुढून ती नोंद दोनदा गेली असली तरी त्याने ती ओळखली नसती. मग आम्ही पणजोबांचे नाव विचारून घेतले आणि बापाच्या नावाचा रकाना वाचीत निघालो. चौथ्या दिवशी सायंकाळी नोंद सापडली. त्या मुलीने बोट ठेवून आजोबांचे नाव वाचले तेव्हा तिच्या वडिलांनी टोपी काढून हातात घेतली, हे मला अजून दिसते. प्रमाणपत्राच्या पुढच्या पायऱ्यांना अर्थातच वेळ लागला आणि त्या वर्षीची प्रवेशाची मुदत टळली. मुलीने वर्ष थांबून पुढे प्रवेश घेतला. एक वर्ष म्हणजे फार काही नव्हे असे आपल्याला वाटेल. तिच्या घरात ते तसे वाटले नाही.

यानंतर त्या कारकुनांनी स्वतःच्या बुद्धीने एक काम केले. दोनशे पानी वह्या आणल्या आणि दिवाळीच्या सुटीत १९६७ पूर्वीच्या सर्व नोंदींची सूची तयार केली. एक सूची मुलाच्या नावाने, दुसरी बापाच्या नावाने, आडनाव असेल तेथे तिसरी आडनावाने. प्रत्येक नावापुढे रजिस्टरचा व पानाचा क्रमांक. एवढेच. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा तलाठी दफ्तरांपासून शाळांपर्यंत सर्वत्र पाने उलटली जाऊ लागली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्या शाळेत मात्र लोक येत, वही उघडून पाहत आणि नोंद असली-नसली तरी तासाभरात घरी परतत. नोंद नाही हेही लवकर कळणे ही एक सेवाच आहे, ती आपण हिशेबात धरीत नाही.

हे उदाहरण मी इतके लांबविले, कारण पुष्कळांची समजूत अशी की, कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढविले म्हणजे ते लोकांपर्यंत पोहोचले. ती जनरल रजिस्टरे जशीच्या तशी स्कॅन करून टाकली असती तर ती मुलगी शाळेच्या व्हरांड्याऐवजी घरी बसून तीन दिवस पाने उलटीत राहिली असती, फरक तेवढाच पडला असता. स्कॅन केलेला कागद म्हणजे कागदाचे छायाचित्र. त्यातील अक्षर संगणकाला आपोआप वाचता येत नाही, आणि दृष्टिहीन व्यक्तीला पान वाचून दाखविणाऱ्या साधनालाही ते वाचता येत नाही. जो मजकूर आपण आजच संगणकावर टंकित करतो, त्याची प्रत छापून, सही करून, पुन्हा त्याचे छायाचित्र काढून संकेतस्थळावर ठेवण्याची रीत तर अजबच आहे. शेजारी टंकित मजकूरही ठेवावा, तो युनिकोडमध्ये असावा, म्हणजे शोधता येतो.

शासन निर्णयांच्या बाबतीत एक चांगली शिस्त लागलेली आहे. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी त्याचा संगणक संकेतांक दिलेला असतो आणि त्यातील पहिले आठ अंक दिनांक सांगतात. विभाग, दिनांक, शब्द किंवा हा संकेतांक यांवरून निर्णय शोधता येतो. आपल्या ग्रामपंचायतीचे ठराव, ग्रामसभांची इतिवृत्ते, निविदा यांना अशी साधी शिस्त लावणे अवघड नाही. फाईलचे नाव 'स्कॅन ००१' असे असण्यापेक्षा 'ग्रामसभा इतिवृत्त, २६ जानेवारी', त्यापुढे वर्ष, असे असावे, इतकीच सुरुवात पुरे.

वर्गीकरणाचे नाव काढल्यावर कार्यालयीन मंडळींना सहा गठ्ठा पद्धत आठवल्यावाचून राहणार नाही. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नाश करावयाचे कागद. कार्यालय नीट लावल्याने लोकांचे हेलपाटे किती वाचतात, याचे एक उदाहरण आपल्याच महसूल विभागात घडले. अहमदनगरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात आपल्या कार्यालयाची जी पुनर्रचना केली ती 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभर परिचित झाली. कागदांची छाननी, त्यांची वर्गवारी, अभिलेख कक्षाची शिस्त, बसण्याची व्यवस्था, या गोष्टी त्यापूर्वी कोणी महत्त्वाच्या मानीत नसे. मला येथे त्यातून एकच गोष्ट घ्यावयाची आहे : लावण्याच्या आधी निवडणे आले. संकेतस्थळाला सहावा गठ्ठाच नसतो. तेथे गेलेला कागद परत येत नाही. मुदत सरून पाच वर्षे झालेली भरतीची जाहिरात तशीच असते आणि तिच्यापुढे 'नवीन' हा शब्द तांबड्या रंगात लुकलुकत असतो. जुने कागद नष्ट करावेत असे मी म्हणत नाही, पुष्कळदा तेच पुरावा असतात. ते 'जुने' अशी स्पष्ट पाटी लावून निराळ्या दालनात ठेवावेत, आणि प्रत्येक पानावर ते शेवटचे कधी तपासले आणि कोणत्या पदावरील व्यक्तीने तपासले हे लिहावे. केंद्र शासनाने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या २०१९ आणि २०२३ साली सुधारल्या गेल्या. तांत्रिक बाजू त्यांत आली आहे, म्हणून मी तिच्यात शिरत नाही.

आता हे सारे करावयाचे कसे? त्यासाठी मोठा खर्च लागत नाही आणि संगणक-तज्ज्ञही प्रथम लागत नाही. प्रथम लागते ती एक वही. ती कार्यालयाच्या खिडकीपाशी महिनाभर ठेवावी आणि येणारा प्रत्येक मनुष्य जो प्रश्न विचारतो तो त्याच्याच शब्दांत तीत उतरवावा. आपल्या शब्दांत नव्हे. तो 'उतारा कुठं भेटंल?' असे म्हणाला तर तसेच लिहावे. 'अधिकार अभिलेखाच्या प्रतीची मागणी' असे लिहिले की वहीचा उपयोग संपला. सुरगाणा-पेठ भागातील बांधव आपल्या बोलीत विचारतील, तेही तसेच उतरवावे. महिन्याच्या अखेरीस त्याच त्या प्रश्नांची गर्दी कोठे आहे हे आपोआप दिसू लागते. त्या गर्दीच्या प्रश्नांना मुखपृष्ठावर सर्वांत वर जागा द्यावी. पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे थोडी खाली सरकली तरी त्यांची प्रतिष्ठा कमी होणार नाही.

त्यानंतर कार्डांचा प्रयोग करावा. आपल्याकडील प्रत्येक सेवा, दाखला, योजना एकेका कार्डावर लिहावी आणि ती कार्डे पाच-सहा गावकऱ्यांपुढे ठेवावीत. एक शेतकरी, बचत गटातील एक भगिनी, एक महाविद्यालयीन मुलगा, एक वृद्ध, असे निरनिराळे लोक असावेत. ज्या गोष्टी एकत्र असाव्यात असे तुम्हांला वाटते त्यांचा ढीग करा आणि त्या ढिगाला तुम्हीच नाव द्या, एवढेच सांगावे. आपण मध्ये बोलू नये, हे सर्वांत कठीण. जन्म-मृत्यूचे दाखले एका ढिगात जातील असे आपण गृहीत धरतो. पण जन्माचा दाखला लोक शाळाप्रवेशाच्या ढिगात ठेवतील आणि मृत्यूचा दाखला जमिनीच्या, असेही होईल. ज्या कार्डापाशी सगळेच अडखळतात ते दोन ढिगांत ठेवावयाचे आहे असे समजावे. शाळांतून हा प्रयोग आठवी-नववीच्या वर्गात सहज करता येईल. मुले आपल्या आईबापांच्या वतीने फार नेमके बोलतात.

संकेतस्थळ तयार झाल्यावर परीक्षा आपली घ्यावी, नागरिकाची नव्हे. त्याच्या हाती मोबाईल द्यावा आणि सांगावे, 'आजीच्या निराधार योजनेसाठी कोणते कागद लागतात ते शोधून दाखवा.' तो कोठे बोट ठेवतो, कोठे थांबतो, कोठे माघारी फिरतो हे केवळ पाहावे. तो चुकला त्या जागी आपले शीर्षक चुकलेले असते. ज्यांनी संकेतस्थळ बांधले त्यांनी स्वतः शोधून पाहण्यात अर्थ नाही. घर बांधणाऱ्याला अंधारातही दार सापडते.

एक शंका नेहमी विचारली जाते, म्हणून तिचे उत्तर देतो. आता संगणकाला साध्या भाषेत प्रश्न विचारला की तो उत्तर शोधून देतो, मग ही मांडणीची खटपट कशाला? ही नवी साधने उपयुक्त आहेत आणि वाढत जाणार आहेत. परंतु त्यांनीही शोधावयाचे ते आपण ठेवलेल्या पानांतूनच. जुने आणि नवे परिपत्रक एकाच नावाने, दिनांकाविना शेजारी शेजारी असेल तर साधन कितीही हुशार असले तरी त्यापैकी जुने उचलण्याचा धोका राहतोच, आणि त्या उत्तरावर विसंबून आलेला मनुष्य पुन्हा आपल्याच खिडकीपाशी उभा राहतो.

बोलण्यात माझा वेळ बराच गेला. मागील मेजावर कोरी कार्डे आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. चहापानानंतर प्रत्येकाने आपल्या कार्यालयात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत गेल्या आठवड्यात लोकांनी विचारलेले दहा प्रश्न, एका कार्डावर एक याप्रमाणे, त्यांच्याच शब्दांत लिहावेत. तालुक्यानुसार बसू नये. मालेगावच्या मंडळींनी इगतपुरीच्या मंडळींची कार्डे घ्यावीत आणि ढीग करावयास आरंभ करावा.